ग्रासहॉपरमध्ये गोल जाळी: भोकं मोजू नका, अंतर ठरवा

राइनो या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे ठोकळे (कंपोनंट) एकमेकांना जोडून आकृती काढायचं साधन म्हणजे ग्रासहॉपर. त्यात गोल जाळीचं पॅनल करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी ‘पोलर अ‍ॅरे’कडे (एकच आकार गोलाकार ठरावीक वेळा मांडणाऱ्या कंपोनंटकडे) जातो. एकाच वर्तुळावरच्या नक्षीला तो ठीक आहे. एकात एक दहा वर्तुळं असली की तो फसतो, कारण प्रत्येक वर्तुळावर तो तितकीच भोकं मारतो. ६० मिमी व्यासाची २४ भोकं २०० मिमी त्रिज्येवर बसवली तर दोन केंद्रांत जेमतेम ५२ मिमी उरतात, म्हणजे भोकं एकमेकांत घुसतात. तीच २४ भोकं ११०० मिमी त्रिज्येवर २८८ मिमी अंतराने विखुरतात. म्हणून स्लायडर (सरकवून आकडा बदलायची पट्टी) लावायचा तो भोकांमधल्या अंतराला. संख्या ज्या त्या वर्तुळाच्या परिघावरून निघू द्यावी.

उदाहरणाला २४०० मिमी व्यासाचं पॅनल आणि ६० मिमीची भोकं घेऊ. राइनोची फाइल मिलिमीटरमध्ये उघडा, टॉलरन्स (अचूकतेची मर्यादा) ०.०१ ठेवा. फाइल मीटरमध्ये असेल तर हेच आकडे २०० मीटरचं वर्तुळ काढतील.

‘सीरीज’ कंपोनंटला सुरुवात २००, पायरी १०० आणि संख्या १० द्या. त्रिज्या २०० पासून ११०० पर्यंत मिळतात; शेवटच्या भोकाबाहेर ७० मिमीचा काठ उरतो. सुरुवात ० ठेवू नका, पहिलं वर्तुळच बनणार नाही. ही यादी ‘सर्कल’च्या त्रिज्येला जोडा.

आता संख्या. प्रत्येक त्रिज्येला ६.२८३२ ने गुणा, आलेल्या परिघाला ‘६ × अंतर’ने भागा (अंतराचा स्लायडर १०० वर), उत्तर ‘राउंड’मधून न्या आणि पुन्हा ६ ने गुणा. ‘राउंड’चं कुठलं आउटपुट घेता याला फार महत्त्व आहे. जवळचा पूर्णांक घेतला तर अंतर ८० केल्यावर पहिल्या वर्तुळावर २.६१८ चे ३ होतात, १२ ऐवजी १८ भोकं येतात आणि मधली पट्टी साडेनऊ मिमीची राहते. पातळ पत्र्यात अशी पट्टी कापतानाच वाकते. खालचा पूर्णांक, म्हणजे ‘फ्लोअर’ घेतला की परिघावरचं अंतर ठरवलेल्यापेक्षा कधीच कमी होत नाही. अंतर खूप वाढवल्यास मात्र फ्लोअर ० देतो. पुढे ‘मॅक्सिमम’ लावून किमान १ ठेवा. ‘पॅनल’ (आकडे दाखवणारा कंपोनंट) जोडून बघा: १२, १८, २४ असं करत ६६, एकूण ३९०. आकडे वेगळे दिसले तर पुढे जाऊ नका.

६ च्या पटीचा हट्ट नुसता देखणेपणासाठी नाही. २४०० मिमीचं अख्खं वर्तुळ ८ बाय ४ फुटी पत्र्यात मावत नाही, दोन अर्ध्या भागांत कापावं लागतं, आणि सांधा भोकातून गेला की काम बिघडतं. त्यावर उपाय असा: वर्तुळं भागण्याआधी प्रत्येक वर्तुळ ‘रोटेट’ने १८० ÷ संख्या इतक्या अंशांनी फिरवा, म्हणजे अर्धी पायरी. मग एक्स अक्ष, म्हणजे सांध्याची रेघ, प्रत्येक वर्तुळावर दोन भोकांच्या बरोबर मधून जातो. संख्या सम असल्यामुळे समोरच्या बाजूलाही तसंच होतं. सांध्याच्या दोन्ही अंगांना सुमारे २२ मिमी पत्रा उरतो, मागून पट्टी मारायला पुरेसा. रोटेटच्या कोनाच्या इनपुटवर राइट क्लिक करून ‘डिग्रीज’ निवडायला विसरू नका. ते मुळात रेडियन धरतं. १५ अंशांच्या जागी १५ रेडियन गेले की वर्तुळं वाटेल तशी फिरतात आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

फिरवलेली वर्तुळं आणि संख्यांची यादी ‘डिव्हाइड कर्व्ह’ला द्या. बंद वक्रावर मागितले तेवढेच बिंदू मिळतात. अर्धवर्तुळ किंवा कंस दिला तर एक जास्त. बिंदूंवर ३० मिमी त्रिज्येची वर्तुळं काढा.

इथून पुढे डेटा ट्री, म्हणजे फांद्यांत विभागलेली यादी, त्रास देते. बिंदू दहा फांद्यांत आलेले असतात. १२०० त्रिज्येचं बाहेरचं वर्तुळ आणि सगळी भोकं ‘मर्ज’ करा, ‘फ्लॅटन’ करा (सगळ्या फांद्यांची एकच यादी होते), मगच ‘बाउंडरी सरफेसेस’ला (बंद वक्रांतून सपाट पृष्ठ बनवणाऱ्या कंपोनंटला) जोडा. फ्लॅटन राहिलं तर छिद्रांऐवजी सुट्या चकत्या मिळतात. भोकं आतून बाहेर मोठी करत न्यायची असतील तर ‘रिमॅप नंबर्स’ने त्रिज्यांवरून १५ ते ३० काढा, पण ही यादी आधी ‘ग्राफ्ट’ करा, म्हणजे प्रत्येक आकड्याला वेगळी फांदी मिळते. नाहीतर पहिल्याच वर्तुळावरच्या भोकांना दहाही मापं ओळीने लागतात आणि उरलेल्या दोघांना शेवटचं.

जाडी हवी असेल तर हाच सरफेस ‘एक्स्ट्रूड’ करा. ३९० नळकांडी ‘सॉलिड डिफरन्स’ने वजा करण्याच्या फंदात पडू नका, मशीन रेंगाळतं, आणि नळकांड्याचं तोंड पत्र्याच्या पृष्ठाशी समतल असलं तर क्रिया फसूही शकते. लेझर कटिंगला तर घन आकार लागतच नाही. सांध्याची रेघ धरून फक्त वक्र ‘बेक’ करा (राइनोच्या फाइलमध्ये उतरवा), ‘सेलडप’ कमांडने एकावर एक बसलेली वर्तुळं शोधून काढून टाका आणि डीएक्सएफ (कटिंगला द्यायची रेखाचित्राची फाइल) करा. दुबार वर्तुळ राहिलं तर लेझर त्याच रेघेवरून दोनदा फिरतो आणि कडा जळते.