सांगलीत दुकानाचं फर्निचर करताय? या चुका टाळा

दुकानाला नवं रूप द्यायचं ठरलं की पहिली चर्चा सनमायकाच्या रंगाची होते. सांगलीत ती सर्वांत शेवटी व्हायला हवी. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड या भागात गाळा असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला इथं भिंतीवर पाणी कुठवर होतं? आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांवर गेली. २००५ आणि २०२१ चे पूरही पेठेनं पाहिलेत. तरी जमिनीपासून छतापर्यंत एमडीएफची, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं ठोकली जातात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

एमडीएफ आणि तसाच भुशाचा पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगतात, वाळल्यावर मूळ जाडीला येत नाहीत, स्क्रू धरत नाहीत. खालचे कप्पे कडप्प्याचे किंवा लोखंडी अँगलचे करा. लाकूडकाम त्याच्या वर. प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघा. आयएस ३०३ वाला साधा प्लाय ओल सोसतो, साचलेलं पाणी नाही. पुरात चार दिवस राहिलं तर ७१० ची सुद्धा खात्री देता येत नाही. म्हणून रॅक भिंतीत कायमचे न बसवता नट-बोल्टवर जोडा, म्हणजे इशारा मिळताच सोडवून माडीवर नेता येतील. जिन्यातून ते वळतील का, हे सुताराला आधी मोजायला लावा. प्लगपॉइंट जमिनीलगत नकोत. वायरिंग वरून खाली आणा आणि खालच्या पॉइंटना वेगळी एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) द्या.

फर्निचर आधीच झालंय? तोडू नका. कपाटांखाली चार-सहा इंचांचे स्टीलचे पाय लावून घ्या. पूर थांबणार नाही, पण पावसाळ्यातली ओल आणि रोजचं फरशी पुसायचं पाणी तळाला लागणार नाही.

आता दिवे. गिऱ्हाईक साडी उचलून दारापाशी नेऊन बघतं, तेव्हा त्याचा तुमच्या उजेडावर विश्वास नसतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा पांढरा. ६५०० केल्विनचे पांढरेफेक दिवे स्वस्तात मिळतात म्हणून सर्रास लावतात. त्यात मोरपंखी आणि निळा एक होतात, सोनं फिकं दिसतं. कापडाला ४००० केल्विन, सोन्याला ३००० बरा. चांदीचं कपाट मात्र वेगळ्या, पांढऱ्या उजेडात ठेवा, पिवळ्यात ती मळकी वाटते. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा (शंभरपैकी), आकडाही वाचा: साध्या दिव्यांचा ८० च्या आसपास असतो, रंग विकणाऱ्यानं ९० च्या वरचाच घ्यावा. शिवाय फॉल्स सिलिंगच्या मधोमध स्पॉट लावले की उजेड गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडतो आणि माल त्याच्याच सावलीत जातो. स्पॉट रॅकपासून दोन-अडीच फुटांवर, मालाकडे तोंड करून हवेत. बहुतेक ठिकाणी एवढ्यानं भागतं, सिलिंग उतरवावं लागत नाही.

‘मॉडर्न लूक’साठी कापडदुकानातली गादी काढून टाकण्याची घाई मला पटत नाही. साडीचा पदर, काठ, अंग एका नजरेत दिसतं ते गादीवरच. पण तासगाव, कवठेमहांकाळहून एसटीनं येणाऱ्या आजींचे गुडघे वाकत नाहीत, त्यांच्यासाठी शेजारी पाठ टेकता येईल अशा चार खुर्च्या आणि तीस इंच उंचीचा काउंटर हवाच. दोन माणसं समोरासमोर आली तर जायला चार फूट वाट सोडा.

दारात चकचकीत लादी नको. जुलैत ओल्या चपलेनं माणूस तिथंच घसरतो. मॅट लादी बसवा. सहा इंचांच्या एका पायरीला नीट उतार द्यायचा तर सहा फूट लांबी लागते. तेवढी जागा गाळ्यासमोर नसेल तर उभट रॅम्प करू नका, तो पायरीपेक्षा धोक्याचा. पायरी ठेवा आणि दोन्ही बाजूंना धरायला पक्का दांडा बसवा.