कात्रज ते सिंहगड: निघण्याआधी सॅक उघडून बघा

के टू एससाठी, म्हणजे कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या टेकड्यांवरच्या ट्रेकसाठी, पौर्णिमेची तारीख धरली असेल, तर पहिला नंबर बुटांचा. आजच माळ्यावरून काढा आणि दोन दिवस सोसायटीत घालून हिंडा. पडून राहिलेल्या बुटाचा गोंद वाळतो. माझा डावा सोल आठव्या टेकडीच्या उतारावर मगरीच्या जबड्यासारखा उघडला, आणि उरलेली वाट मी तो नाडीने आवळून, पाय फेकत काढली. ती नाडी दुसऱ्यानं दिली, म्हणून सॅकेत एक जास्तीची नाडी टाकाच. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. उतारावर बोटं बुटात पुढे घासतात आणि नखं काळीनिळी होतात.

अंतर १५ किलोमीटरच्या आसपास. टेकड्या किती यावर कुणाचं एकमत नाही. कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. तुम्हीही मोजायला लागाल आणि सातव्यानंतर घोळ घालाल. दम लागतो चढावर, पण आपटतो माणूस उतारावर. पावसाळा संपला की मुरूम सुटा होतो, त्या घसाऱ्यावर पाय ठरत नाही. तिथे लाज सोडून बसून उतरा, दोघांत अंतर ठेवा. एक काठी हवी. जाड कापडाची जुनी पँट घाला, कारण फाटणार तीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळी गवत कमरेला लागतं आणि मोजे कुसळांनी भरतात. मोज्यांचा दुसरा जोड त्यासाठी.

पाणी माणशी तीन ते चार लिटर. वाटेत मिळेल हे धरून चालूच नका. ओआरएसची दोन पाकिटं, काकडी, गूळ-शेंगदाणे, घरचे डिंकाचे लाडू असले तर उत्तम. चिप्स नकोत, तहान लागते.

चांदणं असलं तरी हेडलॅम्प हवा, जास्तीच्या सेलसकट. मोबाइलच्या टॉर्चमध्ये एक हात अडकतो, आणि घसाऱ्यावर दोन्ही हात लागतात. किमान पाच-सहा जण, त्यातला एक तरी आधी गेलेला. रात्रीच्या प्रवेशाचे सध्याचे नियम वनविभागाकडे आधी विचारून घ्या.

स्वतःची गाडी नेऊ नका, ट्रेक संपतो भलतीकडेच. कात्रजपर्यंत पीएमपीची बस, पुढे रिक्षाने जुन्या बोगद्यापाशी. तिथून वाघजाईच्या देवळाकडे चढायचं. वर आलात की उजव्या हाताला अख्खं पुणं दिव्यांनी पसरलेलं दिसतं, डावीकडे खेड शिवापूरच्या बाजूची हायवेवरची दिव्यांची माळ. बघायचं तर थांबून बघा, चालता चालता नको. समोर सिंहगडाच्या टीव्ही टॉवरचा लाल दिवा असतो. पहिल्या टेकडीवरून तो जवळ वाटतो, दहाव्यावरूनही तेवढाच जवळ वाटतो.

पहाटे गार वारा सुटतो, म्हणून एक विंडचीटर. सुटे पैसे ठेवा: घाटरस्त्याला लागलात की वडाप (शेअर जीप) मिळाली तर हात करायचा. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं असेल तर पोटात जागा आणि पायात थोडा जीव राखून ठेवा.

दुसऱ्या दिवसाची रजा आत्ताच टाका. जिना उतरताना कठडा धरावा लागतो.