फोन चालू, तरी समोरच्याला 'बंद आहे': या चुका टाळा

२०२३ च्या दिवाळीआधी मावशीला फोन लागेना. आईने दिवसभरात तीनदा लावला, पण मावशीकडे एकदाही रिंग वाजली नाही. मावशीचं म्हणणं, "अगं, फोन माझ्या पुढ्यात आहे, टॉवरही फुल दाखवतोय." मग घरातले सगळेच तज्ज्ञ झाले. एकाने रीस्टार्ट केला, एकाने सिम काढून शर्टाला पुसून परत घातलं, आणि तिसरा फॅक्टरी रीसेट मारायला निघाला होता. त्याला तेवढ्यात अडवला म्हणून नातवंडांचे फोटो वाचले.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फोन आपल्या हातात असतो म्हणून आपण त्यातच शोधत बसतो. दुखणं कुठे आहे ते कळतं लावणाऱ्याच्या कानातून. म्हणून आधी त्याला विचारा: तुला नक्की काय ऐकू आलं? 'लागत नाही' हे उत्तर चालवून घेऊ नका.

'बंद आहे' किंवा 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे'

नेटवर्कला तुमचा फोन सापडतच नाहीये. एअरप्लेन मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा, फोन टॉवरकडे नव्याने हजेरी लावतो. बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर इनकमिंगही बंद होतं, आणि वाय-फायवर व्हॉट्सॲप व्यवस्थित चालत राहिल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

अलीकडची एक हौस म्हणजे ५जी चा वेग मिळावा म्हणून *#*#४६३६#*#* दाबून किंवा एखादं ॲप टाकून नेटवर्क 'एनआर ओन्ली' करून ठेवणं. म्हणजे फोनला फक्त ५जी वर बांधून ठेवलं. पण बऱ्याच ठिकाणी कॉल अजून ४जी वरच येतो. ती वाट बंद केली की नेट धावतं आणि कॉल हरवतात. ते सेटिंग परत ऑटोवर आणा. व्होल्टीचं (४जी वरून कॉल करायच्या सोयीचं) बटणही बघून घ्या. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी बंद असलं तर साध्या डायलरवर कॉल यायला सहसा रस्ताच उरत नाही.

दोन सिमवाल्यांसाठी: बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम नेटवर्कला दिसत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या नंबरावर फोन करणाऱ्याला 'बंद आहे' ऐकू येतं. यात बिघाड काही नाही.

अर्धी रिंग, मग 'व्यस्त'

फोन सापडला, पण फोननेच कॉल झिडकारला. ब्लॉकलिस्ट बघा, खिशात फोन दाबला जाऊन सख्ख्या भावाचा नंबर ब्लॉक झालेला मी पाहिलाय. ट्रूकॉलरसारख्या ॲपमध्ये 'अमुक आकड्यांनी सुरू होणारे सगळे नंबर ब्लॉक' अशी सोय असते. १४० म्हणजे जाहिरातवाले, ते खुशाल ब्लॉक करा. पण १६०० ही मालिका बँका आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या कॉलसाठी दिलेली आहे. एकाच रागात दोन्ही उडवू नका.

पूर्ण रिंग जाते, तुमच्याकडे शांतता

डू नॉट डिस्टर्ब चालू असेल, नाहीतर आवाज ब्लूटूथवर जात असेल. आयफोनवर अर्धचंद्र दिसतो का बघा. रात्रीचं वेळापत्रक लावून विसरलेले लोक फार.

परदेशातल्या मुलाला फोन लावला की थेट व्हॉइसमेल

आपल्याकडे व्हॉइसमेल, म्हणजे फोन न उचलल्यास निरोप रेकॉर्ड करून ठेवायची सोय, कधी रुजलाच नाही, मिस्ड कॉल होता ना. अमेरिकेत मात्र न लागलेला कॉल तिकडेच जातो, आणि इथले आईबाबा धास्तावतात. आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी नंबर परस्पर व्हॉइसमेलवर पाठवायची सोय आहे. बाबांनी नंबर बदलला आणि मुलाने सेव्ह केला नाही, की बाबा अनोळखी! तिकडे रात्र असेल आणि काम तातडीचं असेल तर लगेच पुन्हा लावा. आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत त्याच नंबरावरून दुसरा कॉल आला तर तो डू नॉट डिस्टर्ब ओलांडून वाजू शकतो. अट एकच, त्याने पुन्हा येणाऱ्या कॉलची मुभा ठेवलेली हवी.

परकाच माणूस उचलतो

आता मावशीकडे येतो. मी आईला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कुणीतरी पुरुष हॅलो म्हणाला आणि लगेच ठेवलं. मला वाटलं राँग नंबर."

मावशीच्या फोनवरून *#२१# डायल केलं, कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेत (फॉरवर्ड केलेत) का ते यातून कळतं. व्हॉइस कॉल फॉरवर्ड, आणि खाली एक अनोळखी मोबाइल नंबर. मग तिला आठवलं, कुरिअरचा माणूस म्हणून कुणाचा तरी फोन आला होता. पत्ता दुरुस्त करायला त्याने *४०१* आणि पुढे एक नंबर दाबायला सांगितला, तिने दाबला. तेव्हापासून तिचे सगळे कॉल त्याच्याकडे. त्यात फोनवरून बोलून सांगितले जाणारे ओटीपीही आले.

१५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने *४०१# वाली ही सोय बंद करायला लावली. तरी स्टार-हॅशच्या कोडात दहा आकडी मोबाइल नंबर बसवलेला असा कोणताही कोड कुणी सांगितला तर दाबू नका.

##००२# ने सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. चाललं नाही तर कॉल सेटिंगमधून काढा किंवा कस्टमर केअरला सांगा. कोड ज्या सिमवरून दाबाल त्यालाच लागू होतो, म्हणून दोन्ही सिमवरून तपासा. *#६२# (फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे वळतो ते दाखवणारा कोड) ला एखादा नंबर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. तो कंपनीच्याच मिस्ड कॉल अलर्टचा किंवा व्हॉइसमेलचा असू शकतो. परदेशातल्यांनी ##००२# दाबताना लक्षात ठेवा, त्याने व्हॉइसमेलही बंद होऊ शकतो.

मावशीचं फॉरवर्डिंग काढलं, बँकेला कळवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. शेवटी व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावून दिला. पुढच्या खेपेला गेलो तर तो पिन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे ठळक अक्षरात, शेजारी 'व्हॉट्सॲप' असंही लिहिलेलं. तो खोडून आलो.