पदवीनंतर नोकरी की स्वतःचा व्यवसाय?
निर्णयापूर्वी घरचा बारा महिन्यांचा खर्च वहीत मांडावा, कारण गोव्यात पर्यटनावर बेतलेला व्यवसाय साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च तेजीत चालतो आणि पावसाळ्यात मंदावतो, कर्जाचे हप्ते मात्र दरमहा भरावेच लागतात. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील नोकरीशी तुलना करताना केवळ हाती येणारा पगार पाहू नये. भविष्य निर्वाह निधीसाठी मालक सामान्यतः भरतो ते 12 टक्के आणि भरपगारी रजा यांचे मोलही जमेस धरावे. माझ्या मते, ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च शिल्लक नाही, त्याने आधी त्याच धंद्यात दोन हंगाम नोकरी करून गिऱ्हाईक, उधारी आणि पुरवठादार ओळखावेत. सरकारी नोकरीची वाट पाहत उमेदीची वर्षे घालवणारे पदवीधर पाहून जीव तुटतो. परीक्षा जरूर द्यावी, पण किती वेळा, हे आधीच ठरवावे.