नवा पोपट घरी आलाय? आधी घरच्यांना आवरा

पोपट माणसाळायला उशीर होतो, तो बहुतेक वेळा माणसांमुळे. कोल्हापुरात कुणाकडं पाखरू आलंय म्हटलं की संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली बघून जाते. मावशी पिंजऱ्यात बोट घालतात, आजोबा ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायला लावतात, पोरं फ्लॅश मारून फोटो काढतात. पाखराच्या बाजूनं बघितलं तर अनोळखी, मोठ्या प्राण्यांचा घोळका त्याच्यावर चालून येत असतो. म्हणून पहिला आठवडा पाहुण्यांना सरळ सांगायचं, ‘लांबूनच बघा.’ कुणी रुसलं तर रुसू दे.

त्याआधी कायद्याचं बघून घ्या. गळ्याला कंठी असलेला आपला हिरवा राघू किंवा पहाडी पोपट पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी राघू सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. इथं जे सांगतोय ते बजरी, कॉकॅटील, कॉन्युर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दल. त्यातही कॉन्युर आणि ग्रे यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, तेव्हा घेतानाच विकणाऱ्याकडून कागद मागा. बजरी आणि कॉकॅटील यांना ही नोंद लागत नाही.

पिंजरा कुठं ठेवायचा

सोप्यात किंवा हॉलमध्ये, एक बाजू भिंतीला टेकवून, साधारण आपल्या छातीच्या उंचीवर. चारी बाजूंनी उघडा पिंजरा असला की पाखराला पाठ कुठं करावी हे कळत नाही. दाराच्या वाटेवर नको आणि स्वयंपाकघरात तर अजिबात नको. नॉनस्टिक तवा नुसता तापत राहिला तर त्याचा धूर आपल्याला जाणवायच्या आत पाखराचा जीव घेतो. वर्षाची चटणी करायला मिरच्या भाजायच्या असतील त्या दिवशी पिंजरा शेजारच्या घरी हलवा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल हेही त्या खोलीत नको.

पिंजऱ्यातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूची फांदी धुऊन, वाळवून लावा. जाडी कमी-जास्त असली की पाय दुखत नाहीत. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी असते.

पहिले काही दिवस

या दिवसांत फक्त दाणा, पाणी आणि खालचा कागद बदलायचा, तोही रोज ठरल्या वेळी आणि शक्यतो एकाच माणसानं. कागद ओला करून उचला, म्हणजे विष्ठेची धूळ नाकात जात नाही. नंतर हात धुवा.

दुकानात जो दाणा खात होता तोच सुरुवातीला द्या. आल्या आल्या आहार बदलला की पाखरू उपाशी राहतं, आणि तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीला उपवास झेपत नाही. वाटी भरलेली दिसली तरी फसू नका. वर नुसती टरफलं असतात, फुंकर मारली की खरं कळतं. रुळल्यावर हळूहळू कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस सुरू करा, कारण नुसत्या दाण्यावर जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडतं. अवोकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा-लसूण, खारट फरसाण बंद.

झोप दहा ते बारा तास लागते. रात्री साडेदहापर्यंत मालिका चालणाऱ्या घरात पिंजऱ्याला दुसरी खोली शोधा. कॉकॅटील अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतं, त्याच्यासाठी झिरोचा बल्ब लावून ठेवा.

दिवसभर फुगून बसणं, शेपटी श्वासागणिक वरखाली होणं, खाणं थांबणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. जनावरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून पक्षी आणायच्या आधीच चौकशी करून ठेवा.

हातावर कसा आणायचा

खरं काम इथं आहे. पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसा आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा. त्याच्याकडं टक लावून बघू नका, कारण शिकारी प्राणी तसंच बघतात. तुम्ही बसलेले असताना ते खाऊ लागलं, पंख साफ करू लागलं, की पुढं जायचं.

पुढं म्हणजे राळ्याचं कणीस. कणीस लांब असतं, त्यामुळं तुमचा हात दूर राहतो. गजातून धरा आणि गप्प बसा. पाखरू पिसं अंगाला घट्ट चिकटवून ताठ झालं, मागं झुकलं, तर ते ‘नको’ म्हणतंय. हात तिथंच थांबवून मागं घ्या. हे ‘नको’ ऐकलं जातंय असं पाखराला कळलं की ते आपण होऊन जवळ येतं. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. कॉकॅटीलचा तुराही बघत जा. डोक्याला चिकटलेला तुरा आणि फिसकारणं म्हणजे लांब राहा. ताठ उभा म्हणजे दचकलंय. अर्धवट उचललेला म्हणजे बरं चाललंय. झोपायच्या आधी चोच घासल्याचा कुरकुर आवाज आला तर खुश व्हा, पाखरू निवांत आहे.

रोज थोडं थोडं कणीस आखूड धरा. हातातून बिनधास्त खाऊ लागलं की पिंजऱ्याच्या दारात हात आडवा ठेवून कणीस त्याच्या पलीकडं धरा. ते आपण होऊन बोटावर पाय ठेवील. मग ‘ये’ असा एकच शब्द ठरवून बोट त्याच्या पोटाखाली, पायांच्या किंचित वर लावा आणि चढलं की लगेच खाऊ द्या. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरेत.

चावलं तर हात झटकू नका, ओरडू नका. नाहीतर पाखराला वाटतं, चावलं की हात जातो. हात स्थिर ठेवून दांडीजवळ न्या, ते उतरेल. बजरीचा चावा सोसता येतो. ग्रेचा नाही, तिथं घाई करूच नका.

‘पंख छाटून न्या, लगेच माणसाळतंय’ असं दुकानात हमखास सांगतात. पळता येत नाही म्हणून बसलेल्या पाखराला माणसाळलेलं म्हणणं मला पटत नाही. पहिल्यांदा खोलीत सोडताना पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड, मांजर बाहेर. एवढी तयारी पुरते.

मिरवणूक, फटाके, पूर

विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वाटेवर, महाद्वार रोडला घर असेल तर पिंजरा आतल्या खोलीत हलवा, अर्ध्यावर कापड टाका आणि आवाज सुरू व्हायच्या आधीपासून जवळ बसा. दिवाळीतही तेच. त्या दिवसांत नवं काही शिकवायचं नाही.

आणि २०१९ किंवा २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांच्यासाठी: प्रवासाचा छोटा पिंजरा आत्ताच आणा. तो दार उघडं ठेवून मोठ्या पिंजऱ्याशेजारी मांडा, आत कणीस लावा, पाखराला आपण होऊन आत-बाहेर करू द्या. मग एखादा मिनिट दार लावा, उघडा, खाऊ द्या. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कापडात धरून कोंबायची वेळ येऊ नये, म्हणून हा सराव मे संपायच्या आत झालेला बरा.