पाड्यावरचे मास्तर शहरातल्या वर्गात उभे करायचे तर

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडची पावरा, भिल्ल आदिवासी पोरंपोरी डीएड करून, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा काढून जळगाव-धुळ्याच्या शाळेत लागतात, त्यांना पहिल्याच दिवशी साठ पोरांसमोर एकटं सोडू नका हो. पंधरा दिवस जुन्या बाईंच्या वर्गात बसू द्या, मग अर्धा तास शिकवू द्या, मग पूर्ण. आणि स्टाफरूममध्ये कोणी त्यांच्या बोलण्याला हसलं तर हेडसरांनी तिथल्या तिथं थांबवायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं.

त्यांची भाषा दाबू नका, वापरू द्या. एका पावरा मॅडमनी फळ्यावर 'आई' लिहून प्रत्येकाला घरचा शब्द विचारला, कोणी माय म्हटलं, कोणी अम्मी, आणि जूनपासून गप्प असलेला मागच्या बाकावरचा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा बोलला.

भाड्याची खोली शोधायलाही सोबत जा, आडनाव ऐकून नकार मिळतो त्यांना.