मुलांसोबत हवामानबदल: सत्र घेण्याआधीची तयारी

खुर्च्या, फळा, खडू, पाणी, प्रोजेक्टरची वायर. एवढ्यासाठी यादी लागत असेल तर पुढचं वाचून काही उपयोग नाही.

आता खरी तयारी. मुलांना हवामानबदल समजावायचा आणि त्यावर त्यांच्याकडून काही करून घ्यायचं असेल, तर तक्ते-चित्रं जमवण्याच्याही आधी एक माणूस गाठा. ज्याच्या होकाराशिवाय मुलांचं काम इंचभरही हलणार नाही, तो. मुख्याध्यापक, इमारतीचा व्यवस्थापक, घरात वीजबिल भरणारी व्यक्ती, जो कोणी असेल तो. मागच्या वेळी बाकी सगळं जमलं आणि नेमकं हेच राहिलं. मुलांनी विजेच्या मीटरचे आकडे रोज टिपायचं ठरवलं, वहीत रकाने आखले, कुठल्या दिवशी कोण जाणार ते आपापसांत वाटूनही घेतलं, आणि मीटरच्या खोलीला कुलूप! किल्ली ज्याच्याकडे होती त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ‘मुलांना विजेच्या खोलीत सोडणार नाही’ हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. पण रकाने रिकामे राहिले ते राहिलेच, आणि पुढच्या खेपेला बरीच मुलं फिरकली नाहीत.

म्हणून परवानगी आधी. आणि ‘हो हो, बघू’ म्हणजे परवानगी नव्हे. मुलं कुठे जाणार, किती वाजता, सोबत मोठं कोण असणार, हे सगळं बोलून घ्या. जमलं तर ‘मुलांनी सुचवलेलं निदान एक तरी मी अमलात आणीन’ एवढं वदवून घ्या.

मग स्वतःचा अभ्यास. तुमच्या डोक्यातला गोंधळ मुलं पाच मिनिटांत बाहेर काढतात. हवामान आणि रोजची हवा यांतला फरक स्पष्ट हवा. हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी, त्यामुळे एका गार दिवसाने हवामानबदल खोटा ठरत नाही आणि एका कडक उन्हाळ्याने सिद्धही होत नाही. हरितगृह परिणाम, म्हणजे हवेतले काही वायू पृथ्वीची उष्णता पांघरुणासारखी धरून ठेवतात तो, मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. तो नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. आज ते साधारण १५ आहे. पांघरूण हवंच, ते जाड होत चाललंय ही अडचण आहे. औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून हे मोजमाप चालू आहे. त्याचा आलेख छापून न्या. वर चढणारी रेघ दरवर्षी थोडी खाली-वर का होते, हे मुलांनाच विचारा. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू शोषतात, म्हणून. मोठ्या मुलांना हे ओळखता येतं, फक्त उत्तर द्यायची घाई करू नका.

दोन घोळ हमखास येतात. पहिला ओझोनचा, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणाऱ्या, उंचावरच्या वायूच्या थराचा. ‘ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापली’ असं कोणीतरी म्हणणारच, मोठी माणसंसुद्धा म्हणतात. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. पण ओझोनची गोष्ट झटकून टाकू नका, कारण ती सुटत आलेल्या प्रश्नाची गोष्ट आहे. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, ओझोनला मारक वायू जगभर बंद होत गेले आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. धास्तावलेल्या मुलाला याचा आधार वाटतो. दुसरा घोळ श्वासाचा. ‘आपण श्वास सोडतो तोही कार्बन डायऑक्साइडच ना?’ हा प्रश्न लहान मुलं अगदी अपराधी चेहऱ्याने विचारतात. तेव्हा ताबडतोब सांगा की तो कार्बन अन्नातून आला, अन्नात झाडांनी हवेतूनच घेतलेला होता, हिशोब फिटला. कोळसा आणि तेल यांतला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता.

मोठ्या मुलांसाठी एक आकडा खिशात ठेवा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचं वजन तर पाऊण किलोच्या आसपास, मग हे जास्तीचं वजन आलं कुठून? भांडू द्या त्यांना. हवेतला ऑक्सिजन कोणाच्या तरी लक्षात येतोच.

प्रयोगाबद्दल इशारा. बाटलीत व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून वायू भरायचा, दिव्याखाली ठेवायचं आणि ‘बघा, ही बाटली जास्त तापली’ म्हणायचं, हा प्रयोग करू नका. निकाल बरोबर दिसतो, कारण चुकीचं असतं. आरगॉन हा हरितगृह वायू नाही, तरी तो भरला की तापमान जवळपास तसंच चढतं, कारण जड वायू भोवतालच्या हवेत लवकर मिसळत नाही. त्यापेक्षा बर्फाचा करा. सारखी दोन पारदर्शक भांडी घ्या. एकात पाणी आणि त्यावर तरंगता बर्फ. दुसऱ्यात पाण्याच्या वर डोकावेल एवढी दगडांची रास आणि तिच्या माथ्यावर तेवढाच बर्फ. दोन्हींवर पाण्याच्या पातळीची मार्करने रेघ मारा. बर्फ पूर्ण वितळला की पहिल्याची पातळी रेघेवरच राहते, दुसऱ्याची वर जाते. तरंगत्या आणि जमिनीवरच्या बर्फातला फरक असा दिसतो, सांगावा लागत नाही. समुद्र तापला की पाणी प्रसरण पावतं, हे पातळी वाढण्याचं दुसरं मोठं कारण तोंडी सांगून टाका. बर्फ वितळायला वेळ लागतो, तेव्हा मांडणी सत्राच्या आधीच करून ठेवा. रेघ मारायचं काम मुलांना द्या, म्हणजे ती दर दहा मिनिटांनी जाऊन बघतात.

परवानगी घेतलीत ना? मधेच विचारतो आहे, कारण इथपर्यंत आलं की आपण प्रयोगात रमतो आणि तो फोन ‘उद्या करू’ म्हणून राहतो.

भीतीची तयारी वेगळी. लहानांना पूर, वणवे, उपाशी अस्वलं दाखवू नका. त्यांच्यासाठी झाडं, किडे आणि ऋतू पुरेत. मोठ्यांना ‘जगबुडी येणार का?’ विचारू द्या. उत्तरात ‘सगळं छान होईल’ म्हणू नका, ती लगेच ओळखतात. ‘आता सगळं तुमच्याच पिढीच्या हातात’ हे तर मुळीच नको. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आपलं ओझं टाकणं आहे ते. काय बिघडलंय, कोण काय करतंय आणि आपण इथे काय करू शकतो, एवढं सरळ सांगा. ग्रेटा थुनबर्गचं नाव निघेल. २०१८ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी ती हवामानबदलावर सरकारने काहीतरी करावं म्हणून स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली होती, हे सांगा, पण प्रत्येकाने तसंच बसावं असा सूर लावू नका.

आता काम निवडणं. मुलांनीच निवडावं, पण मोजता येईल असं. विजेचं सोपं पडतं: १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचं काम ९ वॅटचा एलईडी करतो, हा हिशोब मुलं स्वतः मांडतात. नाहीतर ती फोनच्या चार्जरांमागे धावत बसतात आणि पाणी तापवणारं, खोली गार करणारं यंत्र निवांत चालू राहतं. वृक्षारोपण हा मोठ्यांचा लाडका पर्याय, फोटो छान येतात म्हणून. रोप लावायचंच असेल तर जागा कोणाची आणि पाणी कोण घालणार हे आधी, म्हणजे पुन्हा परवानगीच. पत्र लिहायचं असेल तर उत्तर देईल अशाच माणसाला लिहा, आणि मुलांचं पत्र येतंय हे त्याला आधी कळवून ठेवा. भित्तिपत्रकं नकोत, भिंती भरल्यात.

कोणी मोठा माणूस ‘मुलांना काय विचारायचं’ म्हणालाच, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम दाखवा: मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं गेलं पाहिजे, त्याला वजन दिलं पाहिजे. पर्यावरण आणि हवामानबदल यांच्या संदर्भात या कराराचा अर्थ काय, हे बालहक्क समितीने २०२३ मध्ये वेगळं मांडलं आहे. कलम दाखवून कुलूप उघडत नाही म्हणा. गोड बोलून उघडतं. त्यामुळे आधी गोड बोला.

बाकीचं भराभर. बदल करण्याआधीचे निदान आठवडाभराचे आकडे हवेत, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? सुट्टीचे दिवस वेगळे धरा. फरक पडला नाही तरी तसंच लिहायला सांगा, खाडाखोड नको. फोटोंसाठी पालकांना विचारा. आकडे मुलांनीच मांडावेत, तेही त्या होकार देणाऱ्याच्या समोर. पुढची तारीख त्याच दिवशी ठरवा. वही कोणाकडे राहणार आणि सुट्टीत आकडे कोण टिपणार, तेही तेव्हाच. आणि दिलेली परवानगी सुट्टीतही चालते का, हे विचारून ठेवा.